कामावरची दुखापत आणि पहिल्या दिवसाचा कागद

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीसमोर उभे राहून बोलायचे म्हणजे खरे बोलावे लागते, ही माझी पहिली अडचण. दुसरी अशी, की मी वक्ता नाही आणि वकील तर मुळीच नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रुळांची देखभाल करतो आहे. कार्यकारिणीने मला 'रेल्वेतील गमतीजमती' हा विषय दिला होता. पण यंदा मंडप घालताना काय झाले ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले. बांबूवर चढलेला मुलगा दहा फुटांवरून खाली आला. मनगटावर निभावले. आपल्या मंडळींनी लगेच धावपळ केली, मीही बरोबर गेलो. दवाखान्याच्या खिडकीवर विचारले, "कसे लागले?" मंडपवाला चटकन म्हणाला, "घर में गिर गया." मी शेजारीच उभा होतो. मी म्हटले, "घरी नाही. मंडप बांधताना पडला, मुनिरक्यात, आज सकाळी साडेनऊला." खिडकीतल्या माणसाने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मी सांगितले ते लिहिले.

मंडपवाला माझ्यावर रागावला. "साहब, पुलिस केस हो जायेगा." नंतर आपल्यातल्याही एक-दोघांनी मला बाजूला घेऊन विचारले, की सणासुदीला हे कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर आज देतो, म्हणून विषय बदलून घेतला.

गोष्ट २००७ सालची. नोकरीला माझे चौथे वर्ष. कोणता विभाग, कोणता ठेकेदार हे सांगत नाही, कारण सांगायचे आहे ते माझ्याबद्दल. हिवाळ्याचे दिवस, रूळ बदलण्याचे काम, रात्री सव्वा ते साडेतीन असा ब्लॉक. ब्लॉक म्हणजे तेवढा वेळ त्या मार्गावर गाडी नाही. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : ५२ किलोचा रूळ म्हणतात तो मीटरला ५२ किलो असतो. तेरा मीटरचा तुकडा पावणेसातशे किलोंच्या घरात जातो. तो माणसे चिमट्यांनी उचलतात, एका सुरात आवाज देत. त्या रात्री एकाचा पाय खडीवर घसरला, रूळ एका बाजूने खाली आला आणि झाशीकडच्या एका मुलाचा उजवा अंगठा रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये सापडला. पंचवीस वर्षांचा असेल. तो ओरडलासुद्धा नाही. हात बाहेर काढून त्याच्याकडे बघत उभा राहिला.

मी माझा मफलर त्याच्या हाताला गुंडाळला. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "साहेब, तुम्ही ब्लॉक सांभाळा, याचे सगळे मी बघतो." त्याला टेम्पोत घालून नेले. ब्लॉक वेळेत उठला. सकाळी खोलीवर येऊन मी नेहमीप्रमाणे डायरी लिहिली. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. 'ब्लॉक १.१५ ते ३.३०. बारा रूळ बदलले. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर. काम समाधानकारक.' अंगठ्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

का लिहिले नाही? कोणी दमदाटी केली म्हणून नव्हे. लिहिले की चौकशी येते, जबाब द्यावे लागतात, काम थांबते. मुकादम उपचार करतोच आहे, मग उगाच कशाला? अगदी आपल्या लोकांनी परवा विचारले तसेच मी तेव्हा स्वतःला विचारले होते.

चार महिन्यांनी त्याचा मोठा भाऊ ऑफिसात आला. ठेकेदाराने दोन वेळच्या पट्टीचे पैसे दिले होते, नंतर ओळखच नाही. मस्टरवर त्या रात्री मुलाचे नाव नव्हते. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'घरी दरवाजात हात सापडला.' आणायला गेला होता मुकादम, सांगणाराही मुकादमच. मुलगा तेव्हा शुद्धीवर होता की नव्हता, देव जाणे. भावाने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि मला साक्षीला बोलावले. मी गेलो आणि पाहिले ते सगळे सांगितले. मग समोरचे वकील उठले. आवाज चढवला नाही, फार सभ्य गृहस्थ होते.

"आपण रोज डायरी लिहिता?"

"हो."

"किती रूळ बदलले, तेही लिहिता?"

"हो."

"वेगमर्यादा किती, तेही?"

"हो."

"मग माणसाचा अंगठा तुटला, हे आपल्याला लिहिण्यासारखे वाटले नाही?"

मंडळी, त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. पुढच्या तारखेपूर्वीच दोघे भाऊ तीस हजार रुपये घेऊन गावी निघून गेले. नंतर मी कायद्याचे पुस्तक आणून हिशेब मांडला. महिना साडेतीन हजार पगार, त्याचे ६० टक्के म्हणजे २,१००. पंचवीस वर्षे वयाला कायद्याच्या तक्त्यात आकडा आहे २१६.९१. गुणाकार ४,५५,५११. ही पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर तक्त्यात ३० टक्के, म्हणजे १,३६,६५३ रुपये. त्याला तीस हजार मिळाले. बाकीचे माझ्या डायरीतल्या कोऱ्या ओळीत गेले, असे मी धरतो.

त्यानंतर मी हा कायदा वाचायला लागलो. ५ मार्च १९२३ चा तो कायदा. तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळ दिल्लीतच, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या सचिवालयात भरत असे, आणि त्यात कामगारांच्या बाजूने उभे राहणारे आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते. पहाडगंज-करोलबागेतली जुनी मंडळी हे अभिमानाने सांगतील. २०१० मध्ये त्याच्या नावातला 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉयी' आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला. पूर्वी ज्याला कमिशनर म्हणत त्याला आता सक्षम प्राधिकारी म्हणतात. पण गाभा शंभर वर्षांपूर्वीचाच आहे.

या गाभ्याबद्दल फार गैरसमज आहे. लोक म्हणतात, चूक त्याचीच होती, मग भरपाई कसली? पण इथे चूक कोणाची हा प्रश्नच नसतो. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगार बेसावध होता एवढ्यावर दावा बुडत नाही. दारू पिऊन असणे, मुद्दाम नियम मोडणे, मुद्दाम सुरक्षेचे साधन काढून टाकणे हे अपवाद आहेत, पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. सिद्ध करायचे ते एवढेच, की अपघात झाला, तो कामाच्या ओघात झाला आणि कामामुळे झाला. ऐकायला सोपे आहे, पण माणसे अडतात ती इथेच.

एक खटला सांगतो. 'द्वारका' नावाची आगबोट. डिसेंबर १९६१. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे पूर्वी बोटीवर असत, तसाच हाही एक खलाशी. १३ तारखेला छातीत दुखते म्हणून डॉक्टरकडे गेला. तपासणीत काही आढळले नाही, गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी कामावर आला. १५ तारखेला पुन्हा छातीत दुखणे आणि झोप नाही. १६ तारखेला पहाटे अडीच वाजता तो बोटीच्या पुलाजवळ दिसला, त्याला परत पाठवले. तीन वाजता खालच्या डेकवर दिसला, झोपायला जातो म्हणाला. सव्वासहाला शोधले तर नाही. बोट इराणच्या आखातात होती. माणूस पुन्हा सापडला नाही.

वडिलांनी मुंबईत दावा केला. कमिशनरनी स्वतः बोट पाहिली आणि दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथे जे सांगितले गेले ते मला फार महत्त्वाचे वाटते. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवाच असे नाही. परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो. शंभर टक्के खात्री लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहतात. पण निष्कर्ष काढायला आधार लागतो आणि तो दाखवण्याची जबाबदारी मागणाऱ्याची. कामामुळे पडला, की दुखण्याने, की स्वतः उडी मारली, हे ठरवायला नोंदवहीत काहीच नव्हते. त्या रात्री तो बोटीवर होता, म्हणजे कामाच्या ओघात होता. कामामुळे गेला का, हे मात्र समुद्रालाच ठाऊक. मला त्या वडिलांचे वाईट वाटते. पण बारकाईने पाहिले तर जे काही कळते ते बोटीच्या नोंदवहीमुळेच कळते. कोणीतरी अडीच, तीन, सव्वासहा अशा वेळा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून निदान खटला उभा तरी राहिला.

उलट बाजूचाही एक सांगतो. मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर. २० जुलै १९५७ ला काम संपवून जोगेश्वरी डेपोतून निघाला आणि सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. बस उभ्या लॉरीवर आदळली आणि सहा दिवसांनी तो गेला. ड्यूटी संपली होती, बस दुसऱ्याची होती, तो प्रवासी म्हणून बसला होता. तरीही १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताने त्याच्या पत्नीच्या बाजूने निकाल झाला. कारण? गणवेशातल्या ड्रायव्हरला बसमधून फुकट प्रवास करू देण्याची पद्धत होती, आणि मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात ड्रायव्हर वेळेवर यावा ही बेस्टचीच गरज होती. म्हणजे तो प्रवास नोकरीचाच भाग धरला गेला. एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले, हेही सांगितले पाहिजे. पण तिथेही पाहा, संस्थेचे नियम आणि रोजची पद्धत यांनीच विधवेला हात दिला.

आणि धाराशिवचा तर अगदी अलीकडचा. साखर कारखान्याचा पहारेकरी, ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या कमिशनरनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले, कारण अपघात कारखान्यात नव्हे, रस्त्यावर झाला. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल परत कायम केला. पहाटे तीनच्या ड्यूटीचा पहारेकरी, कारखान्याच्याच वाटेवर, त्याच सुमाराला : वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळला. आता नव्या संहितेत हे स्पष्टच लिहिले आहे, की घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, असा धागा दाखवता आला तर, कामावरचाच धरायचा. तुम्ही-आम्ही रोज आउटर रिंग रोडवरून जातो, म्हणून हे लक्षात ठेवा. बावीस वर्षे लागली, हेही लक्षात ठेवा. चार मुले या काळात मोठी झाली असतील.

मी आता काय करतो ते सांगतो. २०१४ मध्ये आमच्या कामावर रूळ घासण्याच्या ग्राइंडरची चकती फुटली आणि ठेकेदाराच्या एका कामगाराच्या डोळ्यात तुकडा गेला. त्याला गाडीत घालतानाच मी स्टेशन मास्तरांना मेमो दिला : नाव, बापाचे नाव, किलोमीटर, वेळ, काय झाले, कोण हजर होते. त्यांनी वहीत नोंद करून पोच दिली. फुटलेल्या चकतीचा, किलोमीटरचा दगड मागे दिसेल असा, मोबाइलवर फोटो काढला. दवाखान्यात आमच्या कीमॅनला बरोबर पाठवले आणि बजावले, की चिठ्ठीवर 'कामावर' हा शब्द आल्याशिवाय परत येऊ नकोस. त्या संध्याकाळी डायरीत आधी तो माणूस लिहिला, मग रूळ. ठेकेदाराच्या लोकांनी पुन्हा नेहमीचेच सांगितले, की आम्ही बघतो. मी म्हटले, बघा की, मी फक्त लिहितो आहे.

तो दावा दीड वर्षात निकाली निघाला. मला साक्षीलाही जावे लागले नाही. अपघात कामावर झाला का, यावर कोणी एक वाक्य बोलले नाही. बोलणार काय? वाद झाला तो फक्त किती यावर. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा चांगला असेल, तर तक्त्यात ३० टक्के. ज्या दुखापती तक्त्यात नाहीत त्यांच्यासाठी डॉक्टरने कमाईची क्षमता किती घटली ते टक्क्यांत लिहून द्यावे लागते. अवयवाचे अपंगत्व वेगळे आणि कमाईचे वेगळे, हे इथे विसरू नका. ओडिशात एक सुतार सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात तर शिल्लक आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, एका हाताने सुतारकाम होत नाही, शंभर टक्के धरा. म्हणून डॉक्टरला नुसता हात दाखवू नये, तो हात काय काम करत होता हेही सांगावे.

मुदतीचे थोडक्यात सांगतो. अपघाताची खबर मालकाला लवकरात लवकर लेखी द्यावी. दावा दोन वर्षांच्या आत. खबर दिली नाही म्हणून दावा बुडतोच असे नाही, मालकाला दुसऱ्या मार्गाने कळलेले असले तरी चालते. पण ते 'कळले होते' हे पुन्हा सिद्ध करत बसावे लागते. ठेकेदार हात वर करत असेल तर ज्याच्या कामावर ठेका होता त्या मुख्य मालकाकडे मागता येते, त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावे. ज्यांचे ईएसआयचे कार्ड आहे त्यांचा मार्ग वेगळा, त्यांनी तिकडे जावे. आणि 'पुढे काही मागणार नाही' असे लिहून घेतलेल्या कागदाला हक्क सोडण्यापुरती काहीही किंमत नाही. तडजोड झालीच, तर ती अधिकाऱ्याकडे नोंदवायची असते, रक्कम अपुरी वाटली तर तो नाकारू शकतो. झाशीच्या त्या भावांना हे कोणी सांगितले नाही. मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

रकमेचा अंदाज यावा म्हणून : २०२० मध्ये ठरलेली पगाराची १५,००० ची मर्यादा धरली आणि वय तीस असेल, तर पूर्ण कायमच्या अपंगत्वाला १८,७१,८२० रुपये होतात, आणि अंगठ्याला ५,६१,५४६. मुनिरक्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या माणसाच्या हातात एवढी रक्कम आयुष्यात दुसऱ्या कशाने येत नाही. आणि ती यायची की नाही हे कित्येकदा दवाखान्याच्या खिडकीवर, अर्ध्या मिनिटात ठरते.

पोलीस केसच्या भीतीबद्दल. दवाखान्यात मेडिको-लीगल नोंद झाली म्हणजे कोणाला बेड्या पडतात असे नाही. उलट तारीख, वेळ, कसे लागले हे सरकारी कागदावर येते. मंडपवाल्यालाही मी हेच समजावले. त्यानेही विमा उतरवला असता तर हे पैसे त्याच्या खिशातून जाणार नव्हते. तो आपल्याकडे बारा वर्षे येतो आहे, माणूस वाईट नाही. घाबरलेला होता, २००७ मध्ये मी होतो तसाच.

मुलाचे सांगून संपवतो. मनगट बहुधा पूर्ण बरे होईल, डॉक्टर सहा आठवड्यांचे प्लास्टर म्हणाले आहेत. तात्पुरत्या अपंगत्वालाही भरपाई असते : दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, आणि उपचाराचा खर्च वेगळा. मंडपवाल्याने परवा पहिला हप्ता दिला, कुरकुर करत, पण दिला. दवाखान्याच्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक मुलाच्या भावाकडे, एक आपल्या कपाटात वर्गणीच्या पावती-पुस्तकांजवळ. मंडळाच्या वहीत त्या सकाळची नोंद मी लिहून ठेवली आहे. तिच्यावर तेव्हा हजर असलेल्या तिघांच्या सह्या हव्या आहेत, दोन झाल्या. तिसरे काका समोर दुसऱ्या रांगेत बसले आहेत. काका, आरती झाली की प्रसाद घेऊन लगेच निघू नका, वही आणि पेन माझ्याजवळच आहे.

गणपती बाप्पा मोरया!